रामनाथशेठच्या गाडीचा कॅमशाफ्ट

काशीगावात हायवेला लागून आमचं गॅरेज होतं. चार खांब, वर पत्रे, आणि मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. सत्तर साल असेल. समोर भाताची खाचरं, आणि एक ट्रक गेला की दुसरा येईपर्यंत पाखरांचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता. आता तिथे उभं राहिलं तर आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही.

माझे यजमान कमळाकर मूळचे रत्नागिरीकडचे. मुंबईत अमेरिकन गाड्यांच्या गॅरेजात हात काळे करून मग त्यांनी हे स्वतःचं दुकान टाकलं. इथे यायचे ते सगळे ट्रकच. त्यामुळे रामनाथशेठची लांबलचक अमेरिकन गाडी पत्र्याखाली येऊन थांबली, तेव्हा दारात पालखी आल्यासारखा ह्यांचा चेहरा झाला.

"आठ सिलिंडर!" बॉनेट उघडून मला म्हणाले. "इंजिन केवढं आहे बघ. तुझ्या माहेरची न्हाणी मावेल ह्यात."

रामनाथशेठ मुंबईचे. पांढरी पँट, तोंडात वेलची. म्हणाले, "मिस्त्री, धावपट्टीवर पाव मैलाची रेस आहे. गाडी तिथे पळाली पाहिजे आणि रोज रस्त्यावर पण चालली पाहिजे. दोन कॅमशाफ्ट मागवलेत बाहेरून. कुठला बसवायचा ते तुम्ही ठरवा. आणि रेसला मेकॅनिक म्हणून तुम्हीच चला."

त्या शेवटच्या वाक्याने हे विरघळले. मुंबईत असताना रेसच्या गाड्या ह्यांनी तयार करायच्या आणि धावपट्टीवर जायचं मालकाच्या भाच्याने, असंच कायम चाललं होतं.

मला मात्र तो माणूस पटेना. एवढी मुंबई सोडून हा काशीगावात का आला? शेजारची दुर्गा तर उघडच बोलली.

"वैनी, तिकरं मुंबईला मिस्त्री न्हाय का? गोडदेवच्या नाथा मिस्त्रीचा काय झाला ठावं हाय ना? त्याचा बी शेट असाच गोर बोलाचा. गारीला चोरकप्पा करून घेतला. गारी पकरली तवा शेट पलाला नि नाथा गेला आत."

खाडीला चोरटा माल उतरतो, घड्याळं नि सोनं, हे तेव्हा सगळ्यांनाच ऐकून माहीत होतं. गाडी सापडली की पोलीस पहिलं विचारणार, काम कुणी केलं? शेठला वकील मिळेल. ह्यांना कोण मिळणार होतं?

मी गाडीभोवती फिरून आले.

"अहो, मागच्या चाकांवरच्या कमानीला ट्रकसारखा जादा पाटा का आहे? दोन्ही बाजूंना आहे. रेसची गाडी हलकी करतात असं तुम्हीच सांगता ना?"

"माणसं बसतात मागे."

"कुठे बसतात? मागची सीट नुसती ठेवलीय. मी हात लावला तर उचलून आली."

"तू पोलिसात भरती हो," ते म्हणाले आणि गाडीखाली शिरले.

संध्याकाळी त्यांनी दोन्ही शाफ्ट माझ्या जुन्या लुगड्यावर मांडले. हातभर लांब दांडे, त्यावर ओळीने अंड्यासारखे उंचवटे. एकाचे उंचवटे बेताचे, दुसऱ्याचे चांगलेच फुगीर.

"हे उंचवटे इंजिनाची दारं उघडतात," ते सांगू लागले. "हा फुगीर दारं जास्त उघडतो आणि जास्त वेळ उघडी ठेवतो. गाडी वेगात असली की इंजिन पोटभर हवा घेतं नि सुसाट सुटतं. पण हळू चालवताना तीच हवा उलटी फिरते. उभी गाडी थडथडते, ओझं घेऊन चढ चढायला कुरकुरते. हा दुसरा गरीब आहे. खालपासून ओढतो, उभी गाडी मांजरासारखी शांत. पण रेसमध्ये मागे पडणार."

"मग शेठना विचारा ना, कशी पाहिजे."

"त्यांनीच माझ्यावर सोपवलंय."

दुसऱ्या दिवशी शेठ आले तेव्हा चहा देताना मीच विचारलं, "शेठ, गाडी फाटकाशी उभी असताना जरा आवाज केला, थडथडली, तर चालेल ना? रेसची म्हणजे थोडं असणारच, असं हे म्हणतात."

कप तोंडाशी नेता नेता ते थांबले. "नाही वहिनी, आवाज नको. उभी असली तर कोणी वळून बघता कामा नये. आणि मिस्त्री, चढाला दम लागला नाही पाहिजे, मागे चार माणसांचं वजन असलं तरी."

ते गेल्यावर मी ह्यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते.

"रेसवाल्याला कुणी वळून बघायला नको असतं?" मी म्हटलं.

"उलट, बघावंच असं वाटतं," ते हळूच म्हणाले.

"मग गाडी परत करा."

"परत केली तर दुसरा कुणीतरी करून देईल. आणि आपल्याला कळलंय हे त्यांना कळेल. ते बरं का?"

चार दिवस ते गाडीतच गुंतले होते. रेडिएटर उतरवला, पुढचं सगळं खोललं, जुना शाफ्ट ओढून काढला. नवा कुठला घातला ते मी विचारलं नाही, आणि मला झोप नव्हती.

शेठ गाडी न्यायला आले. ह्यांनी किल्ली फिरवली आणि पत्रे थरथरले. गाडी उभ्या जागी दणदण उसळत होती. दुर्गाच्या कोंबड्या पळाल्या, आणि अर्धं काशीगाव रस्त्यावर आलं.

"मिस्त्री, ये क्या किया?" शेठ ओरडले.

"रेसचा शाफ्ट बसवला, शेठ. तुम्ही रेस म्हणालात ना?"

"दुसरा बसवा! आत्ताच्या आत्ता!"

"आता कसं? मुंबईच्या गॅरेजात सगळ्यांना सांगून बसलोय. तुमच्या गाडीचं नाव लागलंय रेसला. नाही आणली तर लोक विचारतील, का नाही आणली म्हणून."

शेठनी जमलेल्या लोकांकडे पाहिलं. मग ह्यांच्याकडे. वेलची थुंकली आणि गाडीत बसले.

शेठ रेसला आले, बरं का. यावंच लागलं. ह्यांना न्यायला गाडी दारात आली तेव्हा हे इस्त्रीचा शर्ट घालून पहाटेपासून तयार होते. परत आले ते घसा बसवून. दुसरा नंबर. पुढे महिन्याभरात शेठनी ती गाडी एका हौशी पारशाला विकल्याचं कानावर आलं. शेठ खरंच चोरटा माल नेणारे होते का, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

पण रेसच्या रात्री, घसा बसलेला असतानाच, मी ह्यांना विचारलं, "रेसला नाव तुम्ही कधी दिलं होतं?"

"गाडी आली त्याच दिवशी."

"म्हणजे मी पाटे बघायच्या आधी?"

"हो."

"आणि शाफ्ट कुठला घालायचा ते कधी ठरवलं?"

ते हसले आणि कूस बदलून झोपले. मी बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. शेठवरचा माझा संशय पुढे विरून गेला. ह्यांच्यावरचा शेवटपर्यंत तसाच राहिला.