माझ्या काठावर जागा नाही

मी पितळी परात बोलतेय. आवाज थरथरतोय, कारण भांड्यांवर नाव घालणारा माणूस आज पुन्हा आलाय.

तांबट आळीत ठोके खाऊन मी घडले. मंडईजवळ खाणावळ चालवणाऱ्या यमुनाबाईंनी मला स्वतःच्या कमाईतून घेतलं. दुकानदाराने विचारलं, "नाव कुणाचं घालू? यजमानांचं?"

"कणीक ते मळणारेत का?" बाई म्हणाल्या.

त्यांना वाचता येत नव्हतं. तरी रोज मला घासून झालं, की काठावरच्या आपल्या नावावरून त्या बोट फिरवायच्या.

त्या गेल्यावर लेकाने मला संग्रहालयात दिलं. काचेच्या कपाटात बरी होते. मग सरकारी अनुदान आटत गेलं, छत गळू लागलं. विश्वस्त माधवकाका म्हणायचे, "होईल काहीतरी." बाकीचे काकाही तेच म्हणायचे आणि चहा मागवायचे!

देणगीदार आणला तो राजनंदिनीने, इथल्या सगळ्यांत तरुण कर्मचारी मुलीने. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने छताचा खर्च उचलला. आणि काकांनी काय करावं? मला कपाटातून काढून माझ्या काठावर कंपनीचं नाव कोरून घेतलं! संग्रहालयातल्या वस्तूवर! मी सुन्न झाले.

"अहो काका, ही काय बारशातली वाटी आहे?" राजनंदिनी ओरडली.

"देणाऱ्याचं नाव भांड्यावर घालतातच की," काका शांतपणे म्हणाले.

कंपनीचे साहेब आले, तेही बघतच राहिले. "अहो, भिंतीवर छोटी पाटी चालली असती!"

वर्षभरात ती कंपनी दुसरीने विकत घेतली. नाव बदललं. आता नव्या मालकांना खूश करायला काकांनी पुन्हा माणूस बोलावलाय.

"काठ भरलाय," तो म्हणाला. "जुनं घासू का?"

"कंपनीचं घासा."

"ते मशीनचं, खोल गेलंय. बाईंचं झिजलंय, लगेच निघेल."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बरं, बघा."

बघा? राजनंदिनीने यमुनाबाईंच्या नावावर पंजा दाबून धरला. "घासा. आधी माझा हात घासा."

मशीन घरघरतंय. हात हललेला नाही. काकांची नजर माझ्याकडे नाही, छताकडे आहे.

ऐकणाऱ्यांनो, देणगी जरूर द्या, एक कोपरा अजून गळतोय. पण तुमचं नाव भिंतीवर लावून घ्या. यमुनाबाईंचं नाव माझ्याशिवाय कुठेच लिहिलेलं नाही.