दुकान, गुडविलसकट

हात थरथरायला लागले तेव्हा मिस्त्रींनी दुकान विकायचं ठरवलं. मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला होता. आता बारीक स्क्रू पकडायला जावं तर स्क्रू टेबलाखाली आणि त्याच्यामागे मिस्त्रीही टेबलाखाली, असा खेळ दिवसभर चाले. सुदैवाने गिऱ्हाईक घरातच मिळालं. भाचीचा नवरा एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात कामाला होता. हातात जादू आणि जिभेवर लोणी. त्याने नोकरी सोडली आणि दुकान घेतलं.

करार वाचताना वकील म्हणाले, "हत्यारं, काउंटर, सुटे भाग आणि दुकानाचं गुडविल."

"हे शेवटचं कुठल्या कपाटात आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

"कपाटात नसतं हो. सगळं सामान मोजून झाल्यावर जे उरतं ते गुडविल. गिऱ्हाईक वाटेतली दोन दुकानं ओलांडून तुमच्याच दारात येतं ना? त्या येण्याची ही किंमत. ती जावईबापूंनी दिलीय, तेव्हा आता या धंद्यात तुम्ही हात घालायचा नाही. आणि सहा महिन्यांत गिऱ्हाईक टिकलं नाही, तर व्यवहार रद्द. दुकान तुमच्या गळ्यात परत."

"अहो, माझ्याकडे गिऱ्हाईक माझ्या नावाने बोटं मोडत येतं."

"पण येतं ना?" वकिलांनी सहीसाठी पेन पुढे केलं.

येत होतं, हे खरं होतं. मिस्त्री मिक्सर उघडायचे आणि त्याबरोबर त्यांचं तोंडही उघडायचं. "पंख्याला तेल पाजता की पीठ?" हे बेकरीवाल्याला. "बाई, वर्गात मुलांना शिस्त लावता आणि घरी वायरीला गाठी मारता?" हे शाळेतल्या बाईंना. माणूस मान खाली घालून ऐकून घ्यायचा, वस्तू ठेवायचा आणि पुढच्या वेळी निमूटपणे पुन्हा हजर व्हायचा.

जावईबापूंनी भिंतींना रंग दिला, गिऱ्हाइकांसाठी गादीच्या खुर्च्या आणल्या. आत पाऊल पडलं की, "या, बसा, काय सेवा करू?" काम तर असं की वस्तू नवी वाटावी. आणि महिन्या-दोन महिन्यांत दुकानात माशी फिरकेना. म्हणजे माश्याच तेवढ्या फिरकत होत्या. लोक दारातून डोकावत आणि पुढच्या दुकानाकडे वळत.

एक दिवस भाची तणतणत आली. "मामा, तुम्ही गुडविल दिलंच नाहीत!"

"अगं, सही करून दिलंय."

"मग गिऱ्हाईक कुठंय? नोकरी सोडून बसलेत ते. मुदत संपली की दुकान येईल तुमच्याकडे परत. चालवणार आहात?"

मिस्त्रींनी हातातल्या कपाकडे पाहिलं. चहा बशीत सांडत होता. दुकान परत आलं असतं तर त्याला कुलूपच लागलं असतं.

चप्पल अडकवून ते बाहेर पडले आणि रस्त्यात भेटलेल्या शाळेतल्या बाईंना त्यांनी सरळच विचारलं, "का हो, आमच्या जावयांचं काय चुकलं?"

बाई आधी नाही-होय करत राहिल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगू? माझी इस्त्री बादलीत पडली होती. तुमचे जावई म्हणतात, 'काही हरकत नाही!' हरकत नाही कशी? तुम्ही घरदार डोक्यावर घेतलं असतं. ज्याला रागच आला नाही, त्याने आत नीट बघितलं तरी असेल का? घरी नेली, तर ती लावायचा धीर होईना मला."

मिस्त्री तडक दुकानात गेले. भाचीही तिथेच होती.

"जावईबापू, तुम्हाला झापायला शिकायला हवं."

"कुणाला, मामा?"

"गिऱ्हाइकाला. आधी माझ्यावर हात साफ करा."

"अहो, तुम्ही वडीलधारे! तुम्हाला कसं बोलू?"

"बरं, मग मी तुम्हाला झापून दाखवतो."

"मामा!" भाची ओरडली. "जावयाला?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं, पण जन्मभर सुरीसारखी चाललेली जीभ जावयासमोर टाळ्याला चिकटली. शेवटी त्यांनी शेल्फवरचा एक मिक्सर काउंटरवर ठेवला. "हे गिऱ्हाईक समजा."

जावईबापूंनी घसा साफ केला. "आपण... थोडी काळजी घेतली असती तर... बरं झालं असतं, असं सुचवावंसं वाटतं."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात बेकरीवाला बऱ्याच दिवसांनी आला. त्याचा मिक्सर करपला होता. "पुढचं दुकान बंद आहे आज," त्याने कारणही सांगून टाकलं.

"काही हरकत नाही," जावईबापू म्हणाले.

बेकरीवाल्याचा चेहरा पडला. त्याने मिक्सर पुन्हा बगलेत मारला. "राहू द्या. उद्या येतो."

मिस्त्रींना राहवेना. करार-बिरार विसरून त्यांनी मिक्सर ओढून घेतला आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला. हात थरथरला, स्क्रू-ड्रायव्हर निसटला आणि टेबलावर जावईबापूंनी सकाळपासून गुंडाळत आणलेल्या मोटारीच्या वायरीत घुसला. वायर तुटली.

जावईबापूंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले.

"हात बाजूला घ्या! मामा असाल तुम्ही घरी! डोळे फोडून गुंडाळलंय मी हे, स्क्रू-ड्रायव्हर आहे तो, झाडू नाही! हत्यार धरवत नाही तर हात खिशात घाला आणि त्या कोपऱ्यात गप्प बसा!" मग ते वळले. "आणि तुम्ही! या एवढ्याशा भांड्यात कणीक मळलीत? आत बघा, पीठ जळून कोळसा झालाय! मोटार आहे, बैल नाही! पुन्हा असा आणलात तर दारातूनच परत पाठवीन!"

बेकरीवाल्याने मान खाली घातली. मिक्सर अलगद काउंटरवर ठेवला. वर पाहिलं तेव्हा तो खुलला होता. "कधी मिळेल?"

"झाल्यावर!"

तो बाहेर पडला आणि शेजारच्या पानवाल्याला सांगू लागला, "आत्ता कुठे दुकान सुरू झालं बघा!"

इकडे जावईबापूंनी हात जोडले. "मामा, चुकलं माझं. तोंडातून काय निघून गेलं—"

"हळू बोला," मिस्त्री कोपऱ्यातून पुटपुटले. त्यांचे हात खरंच खिशात होते. "गिऱ्हाईक दारातच उभं आहे अजून."

त्यांचे गाल तापले होते. एवढं टाकून त्यांना आजवर कोणी बोललं नव्हतं. पण ज्या माणसाला एका वायरीसाठी इतका राग येतो, त्याच्या हाती आपली कुठलीही वस्तू बिनघोर द्यावी, असं त्यांना वाटून गेलं. घरचा टेबलफॅन कधीपासून खडखडत होता.

दुसऱ्या दिवशी तो काखोटीला मारून ते निघाले. वाटेत दोन दुकानं लागली. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.