मौनातलं विमान

चातुर्मासात मी सकाळच्या अंघोळीपासून दुपारी देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत बोलत नाही. दरवर्षी कुणासाठी तरी नेम धरते. यंदाचं मौन आबांसाठी होतं. आबा म्हणजे माझे सासरे, दगा आबा. ज्येष्ठात ते मोरीत पडले आणि पंधरा दिवस अंथरुणातून उठले नाहीत. ते उठून बसले तर चार महिने मौन पाळीन, असं मी देवाजवळ बोलले होते. ते उठले, पण दोन्ही हातांना कंप सुटला तो काही गेला नाही.

डॉक्टर म्हणाले, हातांना बारीक काम द्या. म्हणून माझ्या नवऱ्यानं, पंडितनं, मोबाइलवरून एक खोकं मागवलं. आत प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले लढाऊ विमानाचे सुटे भाग होते. जोडून रंगवलं की वीतभर विमान तयार.

आबा खोक्यावरच्या चित्राकडे किती तरी वेळ बघत बसले.

"हाऊ नॅट शे," त्यांनी विमानाचं नाव सांगितलं. "मन्हं विमान."

एकाहत्तरच्या लढाईत आबा हवाई दलात मेकॅनिक होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्याबद्दल ते कधी बोलत नसत. नोकरी सोडून सुरतेला आले आणि तीस वर्षं लिंबायतमध्ये माग दुरुस्त करत राहिले. कामावरून आले की गोणपाटावर सगळी हत्यारं मांडायची, मोजायची, पुन्हा मोजायची, मगच जेवायला बसायचं. सासूबाई हसायच्या, "पोरं इतली मोजतस नहीत."

पहिल्याच दिवशी आबांच्या हातून चिमुकलं चाक तीनदा पडलं. चौथ्यांदा मी ते उचललं आणि बसवून दिलं. तेव्हापासून विमान माझ्या हाताला आलं. पूजा आटोपली की मी खाली बसायची आणि आबा खाटेवर. नखं कापायच्या कटरनं मी भाग सोडवायची, कानशीनं कडा घासायची, दात कोरायच्या काडीनं गोंद लावायची. विचारायचं असलं की भाग वर धरायची. आबा मान हलवून हो-नाही सांगायचे. रांगोळीचा हात असल्यानं रेघ सरळ यायची.

शेजारच्या प्रमिलाबाई दारात उभं राहून म्हणायच्या, "सुंदरा, हे विमान कोणत्या देवाला गं?"

आबा खाटेवरून ओरडायचे, "वायुदेवले! तूबी बस, तुले अमळनेरले सोडस."

रंगाचा दिवस आला तेव्हा मी आधी वैमानिकाच्या जागेवरच्या काचेच्या झाकणावर चिकटपट्टी लावली. मग हिरवा रंग अगदी एकसारखा द्यायला लागले. आबांनी हात वर केला.

"इतला गुळगुळीत नको, पोरी. चांदीसारखं चमकनारं विमान व्हतं. लढाई जवळ उनी तशी आम्हीच कुंचला लिसन हिरवं करं. पट्टा दिसू दे."

मी पट्टे दिसू दिले. ते पुढं बोलतच राहिले. बाहेर सगळ्या गल्लीत मागांची खटखट चालू होती. मला ऐकायला पुढं वाकावं लागत होतं.

"तू बोलत नही म्हनीसन सांगस. पंडितले सांगं तर तो लगेच म्हनी, जाऊ द्या आबा. माले जाऊ द्यायचं नही. माले मरना आधी एकदाव सगळं तोंडमाइन काढनं शे. मधमा कोनी बोलाले नको."

मी कुंचला ठेवून हात जोडले. मी मधे बोलणार नाही, हे त्यांना कळलं.

त्या दिवशी त्यांनी साहेबाबद्दल सांगितलं. त्या विमानाचा वैमानिक, सव्वीस वर्षांचा. चढण्याआधी दर वेळी आबांच्या खांद्यावर थाप मारायचा.

दुसऱ्या दिवशी पेचकसाचं सांगितलं. काम झालं की हत्यारं मोजायची, एक जरी कमी भरलं तरी विमान सोडायचं नाही, असा नियम होता; आत राहिलेलं हत्यार उडताना कुठं अडकलं तर विमानच पडतं. त्या सकाळी शेपटीजवळचं झाकण उघडून आबांनी काहीतरी आवळलं, झाकण लावलं, आणि पेटीत मोजली तर एकोणीस. वीस पाहिजेत. सर्वांत छोटा पेचकस नव्हता. तेवढ्यात भोंगा वाजला.

"साहेब पळत उना. मन्हाकडे देखं. मी अंगठा वर करा."

सगळं ठीक असल्याची ती खूण. विमान गेलं. परत आलं नाही. शत्रूनं पाडलं असेल, सगळे तसंच म्हणाले. पडताना कुणी पाहिलं नव्हतं. पेचकस आबांना कधीच सापडला नाही.

माझ्या हातातला पंख ओला होता. त्यावर माझं बोट उमटलं. हत्यारं मोजताना पुटपुटणारे आबा मला आठवत होते आणि तोंडातून शब्द काढता येत नव्हता.

तिसरा दिवस वीज बंदचा होता. माग थांबले की आमच्या गल्लीत माणसांचे श्वास ऐकू येतात. आबा भिंतीकडे बघत बोलू लागले. लढाई संपल्यावर साहेबाची बायको त्याचं सामान न्यायला तळावर आली होती. पोटुशी होती. तिला कुणीतरी सांगितलं, विमान तयार करणारा हा. ती आबांपाशी आली.

"तिनी इचारं, भाऊ, विमान तर ठीक व्हतं ना?"

आबांचे दोन्ही हात खाटेच्या कडेवर आपटत होते. मला वाटलं, आत्ता यांना काही होणार.

"मी तिले सांगं..."

"आबा, तुमचा काही दोष नाही," मी म्हणाले. "लढाई होती. तुमच्या हातात काय होतं?"

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. माझाच आवाज मला परका वाटला.

आबांचे हात थांबले. त्यांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मौन मन्हा साठे व्हतं ना?"

मी मान हलवली.

"मंग तोडं काबर?"

"ऐकवलं नाही, आबा."

"तुले घडीभर ऐकवनं नही," ते हळूच म्हणाले. रागानं नाही. "मी पन्नास वरीस ऐकी राह्यनू."

आणि ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

नेम मोडला म्हणून मी तीन दिवस निरंकार उपास केला, जपाच्या माळा वाढवल्या. देवाचं मला भय नव्हतं. तो समजून घेतो. मौन पुन्हा धरलं आणि रोज त्याच जागी, खाटेसमोर बसले. विमान पुढं ठेवायची. आबा बघायचे आणि सांगायचे, इथं काळा दे, इथं कानस फिरव. पंखावरचं बोट मी घासून पुन्हा रंगवलं. पाण्यात भिजवून गोल चिन्हं चिकटवली. शेपटीवर आकडा लिहायचा होता, तो त्यांनी न अडखळता सांगितला. त्यापलीकडे एक शब्द नाही.

एकदा दुपारी मीच विचारलं, "आबा, तिला काय सांगितलंत?"

"कोनले?" ते म्हणाले. "रंग वाळना का देख."

विमान पूर्ण झालं. पंडितनं टीव्हीवर ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो, आमच्या आबांचं म्हणून. आबा तिकडं बघत नाहीत. जेवण निम्म्यावर आलं आहे. आता बोलतानाही जीभ अडखळते, निम्मे शब्द कळत नाहीत.

कार्तिकी झाली, चातुर्मास संपला. मी मौन सोडलं नाही; राहिलेलं वाक्य आबा कधीतरी पुरं करतील म्हणून. सकाळी कामं आटोपून खाटेजवळ बसते. तोंड मिटून, हात मांडीवर ठेवून. काल आबांनी किती तरी वेळ माझ्याकडे पाहिलं. मग ओठ हलले. मी पुढं वाकले.

"बोल ना व," ते म्हणाले. "आते बोल. मी ऐकस."