पोरीनं जाळलेला क्लच

एटापल्लीच्या पलीकडच्या त्या गावात बातमी पसरायला फोनची रेंज लागत नाही, निकेशचं तोंड पुरतं. रीताच्या या चुलतभावानं सकाळी जीप सुरू करून गियर टाकून पाहिला. दात खाल्ल्यासारखा खर्रर्र आवाज आला आणि त्यानं गावभर सांगून टाकलं, "पोरीनं क्लच जाळला!" उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. या गृहस्थाला स्वतःला सायकलसुद्धा धड चालवता येत नाही, पण ते कोण विचारतो?

जीप रीताच्या बाबांची, लटारूची. साखरेच्या आजारानं त्याची नजर अधू झाली, तेव्हापासून सवाऱ्या रीताच नेत होती. तेंदूपत्त्याच्या हंगामात मजूर, बाजाराच्या दिवशी बायका आणि त्यांच्या टोपल्या. पावसाळ्यात नाल्यानं रस्ता अडवला. त्याआधीची शेवटची फेरी बुधरीबाईच्या सुनेच्या बाळंतपणाची होती. परत येताना नाल्याचं पाणी बंपरच्या वर चढलं होतं. रीतानं गाडी कशीबशी पार केली आणि अंगणात लावली, ती पाऊस उघडेपर्यंत तिथंच उभी राहिली.

आज रस्ता मोकळा झाल्यावरचा पहिला बाजार, आणि गाडी गियरच घेईना. बाबांनी निकेशचं ऐकून जुन्या गाड्या घेणाऱ्या संघपालला बोलावलंही. तो मूळचा घुग्घुसचा, पण आलापल्लीला आलेलाच होता. दुपारच्या आत तो अंगणात खाटेवर बसून चहा पीत होता. गाडी गेली म्हणजे रीताचं चालवणंही गेलं. रोवणीला, मोहफुलं वेचायला ती कधी मागं सरली नव्हती, पण स्टेअरिंग तिचं होतं, आणि ते तिला न विचारता विकायला काढलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जळला कसा म्हनतोस?" तिनं निकेशला अंगणातच धरलं. "जळलेल्या क्लचचा गियर लोण्यावानी पडते. इंजिन बोंबलते, अन् गाडी हलत नाई. हा तं घसरून नाई राह्यला, हा धरून बसला हाये. सोडतच नाई!"

"आता तू आमाले शिकवशीन का?"

"तुले शिकवून का फायदा?"

संघपाल चहाच्या कपाआड हसला. 

रीतानं इंजिन बंद केलं आणि गियर टाकला. अलगद पडला. सुरू केलं, टाकला, पुन्हा खर्रर्र. म्हणजे गियरबॉक्स ठीक होता. चिखल लागू नये म्हणून पायाखाली गोणपाटाचा बोरा घालायची आपल्याकडची रीत, तोही चार घड्या घालून. कधी कधी पेडल त्यावरच अडतं. तिनं बोरा ओढून बाहेर फेकला. पेडल तळापर्यंत गेलं, पण खर्रर्र कायम. क्लचच्या तेलाची डबी पाहिली, भरलेली होती. मग ती गाडीखाली शिरली.

"बुधरीबाई, ते डावीकडचं पेडल दाबा बरं!"

बाजाराला जायला टोपली घेऊन बसलेली बुधरीबाई लुगडं सावरत ड्रायव्हरच्या जागेवर चढली आणि असं दाबलं की गाडी हलली. खालची दांडी पूर्ण सरकत होती. म्हणजे बाहेरचं सगळं आपलं काम करत होतं. बिघाड आत होता. नाल्याचं पाणी आत गेलं, ओली गाडी तशीच उभी राहिली, आणि क्लचची प्लेट गंजून चिकटली.

ती बाहेर आली तेव्हा केसांत माती होती. "चिकटला हाये. धक्के देऊन सोडवून आणते."

"पोरी, ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले. "सुटला नाई तं थांबवशीन कशी?"

"चावी बंद करीन."

"अन् झाडावर गेली तं?"

"तं झाडाले विचारा, क्लच कोणं जाळला म्हनून."

इंजिन चांगलं तापू दिलं, बंद केलं. दुसरा गियर टाकला, क्लच दाबून धरला आणि चावी फिरवली. जीप हिसका खाऊन उडी मारतच सुरू झाली. कोंबड्या सैरावैरा पळाल्या, निकेश त्यांच्याही पुढं. कुंपणाच्या फाटकातून गाडी सडकेला लागली. रीताचा डावा पाय पेडलवर घट्ट होता. उजव्यानं ती रेस दाबायची, सोडायची, ब्रेकला टोचायची, पुन्हा दाबायची. गाडी धक्के देत होती, सुटत नव्हती. समोर सागाची दाट झाडी आणि सडकेचं वळण. भीती वाटलीच तिला. "सोड रे! सोड म्हनते ना!" ती गाडीवर खेकसली आणि रेस पूर्ण दाबून एकदम सोडली.

थाड!

प्लेट सुटली, इंजिन मोकळं घुमलं आणि गाडी आपल्याच गतीनं वाहू लागली. वळणाच्या अलीकडं ती थांबली. इंजिन चालूच होतं. रीतानं पहिला गियर टाकला, मग रिव्हर्स, मग उगाचच पुन्हा पहिला. आवाज नाही. ती एकटीच मोठ्यानं हसली.

अंगणात परतली तेव्हा संघपालनं कप खाली ठेवला. "ट्रॅक्टरचं असंच होते," तो म्हणाला. "पावसाळाभर उभा राह्यला का चिकटते. लटारूभाऊ, तुमी तं कितीक सोडवले असतीन."

रीताचा हात गियरवरच थांबला. खरंच की. बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवले होते. दर पावसाळ्यानंतर हेच करत आले होते. आज गाडी गियर घेईना, तेव्हा त्यांना ते आठवलं नव्हतं. मघाचा सगळा आनंद उतरला.

"ट्रॅक्टरचा चिकटते," ती म्हणाली, "अन् पोरीचा जळतेच. नाई का, बाबा?"

  बुधरीबाई टोपली घेऊन पुढच्या सीटवर बसली. तिच्यामागून बाकीच्या बायका चढल्या.

शेवटी लटारू चाचपडत आला. सवयीनं त्याचा हात ड्रायव्हरच्या दाराला लागला. आत रीता होती, आणि ती सरकली नाही. तो गाडीला हात लावत मागं गेला आणि बायकांच्या टोपल्यांमध्ये अंग चोरून बसला.

"चाल, पोरी," मागून आवाज आला. "बाजार भरला असन."