सगळ्यात खालची खोली

गेशेने नवऱ्याबरोबर, फोकोबरोबर, एकोणीस समुद्रसफरी केल्या होत्या, म्हणून ऱ्हाईन नदीवरच्या बोटीत खोली निवडताना तिने लेकीला जुमानलं नाही.

"आई, वरच्या मजल्यावरची घे. बाबांना पडल्यापडल्या बाहेर बघायचंय."

"मला शिकवू नकोस. वर बोट डोलते. सगळ्यात खाली, मधोमध घेतली की पोटातलं पाणी हलत नाही."

फोकोची फुप्फुसं संपत आली होती. ही शेवटचीच सफर, हे डॉक्टरांनी दोघांना स्पष्ट सांगितलं होतं. त्याला पलंगावरून काठ सरकताना बघायचा होता, दुसरं काही नको होतं.

कोलोन शहराच्या धक्क्यावर बोटीवरच्या दोघा नोकरांनी धरून त्याला जिन्याने खाली उतरवलं, कारण लिफ्ट तिथवर जात नव्हती. खोलीत छताला लागून वीतभर खिडकी होती, तीही कायमची बंद. बोट सुटली, तरी पेल्यातलं पाणीसुद्धा डुचमळलं नाही. नदीवर बोट डोलतच नाही, हे गेशेला तेव्हा कळलं.

वरच्या खोल्या भरल्या होत्या, आणि जिना पुन्हा चढणं फोकोच्या छातीला झेपणारं नव्हतं.

"काय दिसतंय रे?" तिने विचारलं.

"छत. पण काय स्थिर आहे हो, कप्तानीणबाई!" तो हसला आणि खोकत राहिला.

गेशेने जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती. आता मागायला तोंड उघडलं, तर त्याने डोळे मिटून घेतले.

"तू वर जाऊन बघ," तो म्हणाला. "फक्त मला येऊन सांगू नकोस."