झटक्याआधीची छत्तीस मिनिटं

साहेब, माझ्या बहिणीच्या डोक्यातली खरी गोष्ट तुम्ही पुसून टाकलीत. नियम तुमचाच: फिटचा आलेख ठेवा, फिटच्या आधीची दोन मिनिटं ठेवा, बाकीचे शांत तास पुसा, जागा अडते. इस्पितळात मेंदूचे आलेख काढणं माझं काम. धाकटीच्या अकरा फिटांआधीचे शांत तास मी याच हातांनी पुसले.

बाराव्या वेळी विसरले. दुसऱ्या दिवशी चूक निस्तरायला बसले आणि हात थांबला. फिट आली अकरा दहाला. पण डाव्या कानशिलावरच्या चार तारांच्या रेघा, एरवी चार सवतींसारख्या चार दिशांना तोंडं करून बसणाऱ्या, दहा चौतीसलाच एका पावलात चालू लागल्या होत्या. त्या वेळी आमच्या धाकट्या बाईसाहेब खाटेवर बसून संत्रं सोलत होत्या!

मंगळवारी ती पुन्हा तारा लावून बसली. दुपारी बाराला पडद्यावर तीच पावलं.

"आडवी हो."

"का गं ताई? ठणठणीत आहे मी."

"हो म्हणते ना!"

"भविष्य सांगायला लागलीस? मग माझ्या लग्नाचंही बघ की."

हसत आडवी झाली. मी खाटेचे कठडे वर केले, तिचा चष्मा काढून घेतला, घड्याळ बघत बसले. दहा मिनिटं. वीस. तिची टकळी चालूच. पस्तिसाव्या मिनिटाला ती वाक्याच्या मध्येच थांबली.

फिट आली, साहेब. जिच्या डोक्यात हे चाललं होतं तिला गंधही नाही, आणि मला चार रेघांत ते येताना दिसत होतं. हात जोडावेसे वाटले. कोणाला, ते कळेना.

शुद्धीवर येताच तिने कपाळ चाचपलं. खोक नव्हती. मग मनगटावरचा भाजल्याचा डाग चोळत म्हणाली, "अर्धा तास खूप झाला गं. इस्त्री बंद करून खाली बसायला दोन मिनिटं लागतात." त्या डागापायीच तिचं लाँड्रीतलं काम सुटलंय.

दोनदा दिसलं म्हणजे दर वेळी दिसेल असं नाही, एवढं मलाही कळतं. म्हणून तर पुसलेले ते अकरा आलेख हवे होते! उद्याच्या पुसायच्या यादीत हे दोन्ही आलेख आहेत. मी पुसणार नाही. फिट जपायची आणि ती आली ती वाट पुसायची, हे कोणी ठरवलं, काय बघून ठरवलं? उद्या दहाच्या आत लेखी उत्तर द्या.