ठोकळ्याची साक्ष

धडक तशी किरकोळच होती. आईच्या छोट्या पांढऱ्या गाडीचा मागचा डावा कोपरा आत गेला होता आणि दातकोऱ्यांच्या गाडीच्या पुढच्या बंपरला वीतभर चीर पडली होती. दातकोरे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दुसऱ्या मजल्यावर घर आणि दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरांना आईने ठेवलेलं ते नाव होतं, आणि ते इतकं चपखल बसलं होतं की तिच्या धाकट्या लेकीला त्यांचं खरं आडनाव आठवायचं तर दारावरची पाटी वाचावी लागे.

दातकोरे म्हणत होते, "मी शेजारच्या जागेत गाडी घालण्यासाठी थांबलो होतो. उभा होतो मी! काकूच मागे आल्या आणि आदळल्या."

आई म्हणत होती, "मी जागची हललेसुद्धा नाही."

दोघांनीही विमा कंपनीला तसं लेखी कळवलं. चूक कोणाची ते ठरवायला शनिवारी सकाळी सर्व्हेअर येणार होता.

आईला विम्याची फिकीर नव्हती. फिकीर होती ती दादाची. दादा म्हणजे तिचा थोरला, शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहणारा. त्याने गुरुवारीच फर्मान काढलं होतं.

"आई, तू एकाहत्तर वर्षांची आहेस. सर्व्हेअरने चूक तुझी ठरवली, की गाडीची किल्ली माझ्या खिशात. मग रडायचं नाही."

"रडतंय माझं खेटर," आई म्हणाली. पण चहा गाळताना तिने गाळणं कपावर न धरता शेजारी धरलं, हे धाकटीच्या नजरेतून सुटलं नाही.

त्या गाडीने आई रोज सकाळी तीन मैत्रिणींना तळ्यावर फिरायला नेई. तिघींचे मिळून सहा गुडघे त्या गाडीच्या भरवशावर होते. किल्ली गेली असती तर तळं गेलं असतं, मैत्रिणी गेल्या असत्या, आणि आईला दिवसभर टीव्हीसमोर दादाच्या बायकोची व्हॉट्सॅपवरची आरोग्यवार्ता ऐकत बसावं लागलं असतं.

धाकटी मोजमापाच्या प्रयोगशाळेत काम करायची. दुकानातले, दवाखान्यातले, कारखान्यातले काटे खरं बोलतात की नाही ते तपासणं हे तिचं काम. दादा तिला फूटपट्टी म्हणे. शुक्रवारी तिने अर्धा दिवस रजा टाकली आणि टेप, टॉर्च, वही घेऊन पार्किंगमध्ये उतरली.

पार्किंगला उतार होता. गाड्या तोंड भिंतीकडे वर आणि पाठ रस्त्याकडे खाली अशा उभ्या राहत. धाकटीने आधी दातकोऱ्यांच्या बंपरची पुढे आलेली कड मोजली. जमिनीपासून अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. मग आईच्या गाडीवर त्या कडेचा उमटलेला ओरखडा मोजला. चव्वेचाळीस. तिने दोनदा मोजलं, मग तिसऱ्यांदा. गाडी करकचून ब्रेक लावते तेव्हा तिचं नाक खाली जातं. म्हणजे दातकोरे उभे नव्हते, चांगले गाडी चालवत येत होते आणि शेवटच्या क्षणी ब्रेकवर उभे राहिले होते.

पण त्याने अर्धंच काम झालं. दोन्ही गाड्या चालत असतील तर? म्हणून ती आईच्या गाडीमागे उकिडवी बसली आणि टॉर्च मागच्या चाकावर धरला. टायरच्या खाचांमध्ये हिरव्या रंगाचे कपचे आणि लाकडाची कुसळं अडकली होती.

धाकटी तशीच बसून राहिली. हिरवं लाकूड त्या घरात एकच होतं. वीसेक वर्षांपूर्वी हँडब्रेक निसटून गाडी आपली आपणच फाटकापर्यंत फिरून आली होती. त्या दिवशी बाबांनी लाकडाचा एक तिरका ठोकळा कापला आणि घरात उरलेल्या हिरव्या रंगाने रंगवला. बाबा गेले, पण ठोकळा राहिला. गाडी लावली की आई तो मागच्या चाकामागे सारायची, निघताना काढून डिकीत टाकायची. धाकटीने डिकी उघडली. छत्री होती, पाण्याच्या बाटल्या होत्या. ठोकळा नव्हता.

"आई, ठोकळा कुठे आहे?" घरात शिरताच तिने विचारलं.

"कुठला ठोकळा?" आई म्हणाली.

वीस वर्षांत जिने त्याच्याशिवाय गाडी लावली नव्हती ती विचारत होती, कुठला ठोकळा. धाकटी आईच्या कपाटाकडे गेली आणि चादरींच्या तिसऱ्या थराखाली हात घातला. लहानपणी तिच्यापासून खाऊ तिथेच लपवला जाई. टॉवेलात गुंडाळलेला ठोकळा हाताला लागला. त्याच्या उतरत्या बाजूवर टायरची नक्षी अशी उठली होती, जणू शाईने शिक्का मारावा.

"काढायचा राहिला होता?"

"हळू बोल! भिंतीपलीकडे दादा आहे." आई पलंगावर बसली. "रिव्हर्स टाकला, गाडी हलेना. मी आणखी दाबलं. ती नुसतीच गुरगुरली. म्हटलं, हिला झालंय तरी काय, आणि तेवढ्यात धाडकन मागून तो दातकोरे. खाली उतरले, बघते तर ठोकळा! त्याचं लक्ष त्याच्या बंपरकडे होतं. मी घातला पिशवीत."

"अगं, पण हाच तर पुरावा आहे! गाडी हलूच शकत नव्हती. तू सुटलीस!"

"कसली सुटते? तुझ्या दादाला कळलं की आई चाकामागचा ठोकळा विसरली, तर तो मला डॉक्टरांकडे नेऊन आज वार कोणता ते सांगायला लावेल. धडक मारणारी म्हातारी एक वेळ चालते गं. विसरणारी चालत नाही."

ठोकळा दाखवला तर किल्ली जात होती, लपवला तरी जात होती.

"मी खोटं बोलणार नाही," धाकटी शेवटी म्हणाली.

"तू? तुला शाळेत खोटी पोटदुखीसुद्धा जमली नाही," आई म्हणाली. "तू फक्त मोजमापाचं बोल. बाकीचं मी बघते."

शनिवारी सर्व्हेअर आला. बारीक अंगाचा, खिशाला तीन पेनं, आणि कमरेला स्वतःचा टेप. तो टेप पाहून धाकटीला बरं वाटलं. तिने चार सेंटिमीटरचा हिशोब सांगितला. त्याने स्वतः मोजून पाहिला आणि दातकोऱ्यांकडे वळला.

"डॉक्टर, तुम्ही उभे नव्हता."

दातकोरे घुटमळले. "बरं, वळत होतो. थोडासा. पण काकू मागे येत होत्या, त्याचं काय? मागचे पांढरे दिवे लागलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत. इंजिन तर असं गुरगुरत होतं की दुसऱ्या मजल्यावर माझी वाट बघत बसलेल्या पेशंटनेही ऐकलं. तोंडात कापूस होता त्याच्या, तरी दचकला."

"आजी, रिव्हर्स टाकला होता?" सर्व्हेअरने विचारलं.

"टाकला होता," आई म्हणाली.

दादाने सुस्कारा सोडला आणि किल्लीसाठी हात पुढे केला. आईने त्या हाताकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, खांद्यावरच्या पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून ठोकळा काढला आणि मागच्या चाकामागे नीट सारून बसवला. मग गाडीत बसली. पांढरे दिवे लागले. इंजिन गुरगुरलं, ओरडलं, गाडी जागच्या जागी थरथरली, पण बोटभरही मागे आली नाही.

सर्व्हेअर गुडघ्यावर बसला. ठोकळ्यावरची नक्षी, टायरमधले कपचे, दोन्हीवर त्याने टॉर्च फिरवला. "गाडी स्थिर," असं पुटपुटत त्याने लिहिलं.

दातकोऱ्यांचा चेहरा पडला. पण दादा अजून तिथेच अडला होता.

"एक मिनिट. ठोकळा चाकामागे असताना तू रिव्हर्स टाकलासच का?"

धाकटी टेप उलगडू लागली, गुंडाळू लागली.

"रोज टाकते," आई गाडीतून उतरत म्हणाली. "ठोकळा धरतोय की नाही ते तपासते. लाकूड आहे ते, झिजतं. एवढ्या उतारावर गाडी लावायची आणि त्याच्यावर डोळे मिटून विसंबायचं? तपासायचं, मग उतरायचं, ठोकळा काढायचा आणि मग निघायचं. मधेच या डॉक्टरांनी गडबड केली."

दादा धाकटीकडे वळला. "खरंय का गं हे, फूटपट्टी?"

"ठोकळा पक्का धरतो," धाकटी म्हणाली. "तेवढं मी तपासलंय."

सर्व्हेअरने पेन खिशात ठेवलं. त्याने आईकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"रोज तपासता, मॅडम?"

"रोज."

"छान. मग सवय मोडू नका," तो म्हणाला, आणि दादाकडे पाहून पुढे म्हणाला, "तुम्हीही लक्ष ठेवा हो. अशी काळजी घेणारी माणसं कमी असतात."

झालं! सोमवारपासून दादा चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभा राहू लागला. खाली आई गाडीत बसे, पांढरे दिवे लावी, अर्धं मिनिट इंजिन गुरगुरवी. गाडीत तिन्ही मैत्रिणी कानात बोटं घालून बसत. मग आई उतरे, ठोकळा काढून बाल्कनीच्या दिशेने उंच धरून दाखवी आणि निघे.

"कमरेला त्रास होतो गं," तिने धाकटीकडे कुरकुर केली. "कुठून बोलून गेले!"

धाकटीने मात्र मनातल्या मनात या पद्धतीला पूर्ण गुण दिले होते. आईला ठोकळा विसरणं आता कोणत्याही परिस्थितीत शक्य नव्हतं.

दातकोऱ्यांनी निकाल मुकाट्याने मान्य केला. एवढंच नव्हे, तर असा ठोकळा आपल्यालाही हवा म्हणून आईकडून मापं घेतली, सुताराकडून करवून आणला आणि निळा रंगवला. आठवडाभर रोज तो लावला.

नवव्या दिवशी आई तळ्यावरून परत येत होती. दातकोऱ्यांच्या गाडीचे पांढरे दिवे लागलेले होते. इंजिन गुरगुरत होतं, मग ओरडू लागलं. गाडी मात्र हलत नव्हती. दातकोरे घाबरेघुबरे होऊन एकदा आरशात, एकदा गिअरकडे बघत होते.

आईने गाडी शेजारी थांबवली आणि काच खाली केली.

"तपासताय ना, डॉक्टर?"

दातकोऱ्यांनी दार उघडून मागच्या चाकाकडे वाकून पाहिलं. हळूहळू कानांपर्यंत लाल झाले. मग त्यांनी वर आपल्या बाल्कनीकडे नजर टाकली. तिथे त्यांची बायको उभी होती.

"हो, काकू," ते मोठ्याने म्हणाले. "रोज तपासतो."